आरशातली फणी

खांद्याचं तुटलेलं लिगामेंट डॉक्टरांनी नव्याने बांधून दिल्यापासून मी घरात राजा आहे. पुतण्याच्या वरातीत नाचताना कसा कोसळलो, खांद्यावरचं हाड कसं टुणकन वर आलं, हे येईल त्याला एका हाताने साभिनय सांगतो.

आज माझा भांग पाडून बायको आरशासमोर स्वतःचे केस विंचरू लागली. तिचा हात कानाच्या वर जाईना. तिने मान वाकवून डोकंच फणीकडे नेलं.

“हे कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“बोलली नाहीस?”

“बोलले की! तुम्ही माझी नक्कल करून पाहुण्यांना हसवलंत.”

तेवढ्यात शेजारचे नाना शहाळं घेऊन आले. “हं, होऊन जाऊ द्या वरात!”

मी तोंड उघडलं. आत वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढायला ती स्टूल ओढत होती. वरात तशीच ठेवून मी आत गेलो आणि चांगल्या हाताने डबा काढून दिला.