पिस्टन माझ्या पिशवीत होता

मी इथे नुसती वाचणारी. तुमचे अनुभव जेवताना वाचते, थोडं हसते आणि झोपून जाते. भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मी डिप्लोमा मेकॅनिकल, बोईसरला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे मशीन आवाज करत असेल तर त्याला कारण असतं... बेअरिंग गेलेलं असतं, बेल्ट सैल असतो. कारण सापडलं नाही तर आपण नीट बघितलं नाही, एवढंच. मला अजूनही असंच वाटायला हवंय. शिफ्टवरून आलेय, डोळे मिटतायत, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. पण आज नाही लिहिलं तर परत लिहिणार नाही, म्हणून लिहितेय.

माकुणसारला माझे मामा-मामी राहतात. सफाळ्याला उतरायचं, पुढे रिक्षा. घर साधंच, मागे वाडी. त्या वाडीत पूर्वी खायच्या पानांची वेल होती, मामा पानांच्या करंड्या भरून स्टेशनला पोचवायचे. मग विहीर खारी झाली आणि वेल गेली. आता नारळ आहेत, थोडा सोनचाफा, आणि कोपऱ्यात पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये एक स्कूटर उभी आहे. मी लहान असल्यापासून ती तिथेच आहे, तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

मामांना विसरण्याचा आजार झालाय. मला कधी ओळखतात, कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारतात. ते एकवेळ चालतं. पण रोज दुपारी जेवण झालं की उठणार आणि वाडीत जाणार. दाराला कडी लावली तर दार बडवत बसणार. आणि गेले की नेहमी शेडपाशी थांबतातच असं नाही, एकदा पुढे निघाले ते थेट खाडीच्या बांधावर सापडले, पायात चप्पल नाही, भर उन्हात. मामी दुपारी डोळा मिटत नाही, रात्रीही अर्धी जागीच. तिचं बीपी वाढलं, भिंतीला धरून चालायला लागली. मूलबाळ नाही त्यांना. माझी आई मामांची धाकटी बहीण, तिने सांगून टाकलं की पावसाळ्याच्या आत दादाला वसईकडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, नाहीतर त्याच्या आधी वहिनीच जाईल. मामी पदराने गॅसचा कट्टा पुसत राहिली.

मला वाटलं, मामा शेडमध्ये जातात म्हणजे स्कूटरसाठी जात असणार. ती चालू करून दाखवली तर कदाचित शांत होतील. मला जुन्या स्कूटर्सचं वेड आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा ग्रुप आहे, मी तर आधीच नाचायला लागले होते!! मामी म्हणाली, "बाय, तुला एक दिवस सुट्टी मिलते. झोप काढायची सोडून कशाला हात काळे करते?" पण अडवलं नाही.

आता गंमत अशी की ती स्कूटर कसली आहे तेच कळेना. नाव लिहिलेली पट्टी गेलेली. इंजिन नंबर खाऱ्या हवेने खाल्लेला. पुढचा पत्रा बघितला तर लॅम्ब्रेटासारखा, मागून बघितलं तर भलतीच काहीतरी. गियर हँडलला नाही, पायाशी! बाईकसारखा पुढे-मागे दाबायचा. मामीला विचारलं तर त्या काळी सगळे तिला नुसतं "गाडी" म्हणायचे. मामांना विचारलं तर ते माझ्याकडे बघून हसले आणि विचारलं, जेवलीस का?

फोटो काढून बोईसरच्या एका गॅरेजवाल्याला दाखवले. तो भैया म्हणाला, "मॅडम, बॉडी स्कूटर का है, इंजन पानी के पंप का. किसी ने जुगाड किया है. कबाड़ में दो." पालघरचा लेथवाला म्हणाला, जनरेटरचं इंजिन. ग्रुपवर तर भांडणच लागलं, एक म्हणे व्हेस्पा, दुसरा म्हणे व्हेस्पा असेल तर मी मिशी काढतो. एका गोष्टीवर मात्र सगळे एक होते, इंजिन स्कूटरचं नाही. आमच्या किनाऱ्यावर ही सवयच आहे, काही फेकायचं नाही, ह्याचं काढून त्याला लावायचं. मलाही पटलं. त्यामुळे मी पंपांचीच इंजिनं शोधत बसले आणि वेळ घालवला.

शेवटी इंजिन उघडलं. हेड काढलं, सिलिंडर काढला, पिस्टन काढला. रिंगा पिस्टनमध्येच चिकटून तुटलेल्या. नवीन रिंगा हव्यात म्हणजे मेक, कुठल्या कंपनीचं ते, कळायला हवा, परत तिथेच. सिलिंडर, पिस्टन, हेड, तिन्ही वस्तू डिझेलने पुसून कापडी पिशवीत घातल्या आणि बोईसरला रूमवर घेऊन आले. उरलेल्या इंजिनच्या तोंडावर फडकं बांधलं, आत किडे जायला नकोत म्हणून. म्हणजे बघा, जे उरलं ते नुसतं खोकं. त्यातून एक कनेक्टिंग रॉड वर आलेला. स्पार्क प्लग नाही, पेट्रोलची टाकी रिकामी. हे नीट लक्षात ठेवा.

पुढच्या सुट्टीला परत गेले. नाईट करून तशीच गेले होते, डोकं जड. पिशवी रूमवरच होती. जेवले आणि ओटीवर चटई टाकून आडवी झाले. झोप लागण्याआधी ग्रुपला व्हॉइस नोट करत होते, की बाबांनो पिस्टनचा साईझ मोजलाय, कोणीतरी नीट सांगा... आणि बोलता बोलता मागून आवाज सुरू झाला.

दोन स्ट्रोकचं इंजिन. जुनं, जाड आवाजाचं. एकसारखं चाललेलं, ना कमी ना जास्त. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते शेजारच्यांचा पंप. मी बोलणं पुरं केलं आणि नोट पाठवूनही दिली. मग लक्षात आलं की शेजारच्यांचा पंप विजेवर आहे. आणि मामा खाटेवर नाहीत.

मी धावतच शेडमध्ये गेले. मी दारात पोचले आणि आवाज थांबला... एकदम नाही, कोणी पेट्रोल बंद केल्यावर इंजिन अडखळत बंद पडतं ना, तसा. आत मामा एकटे उभे होते, इंजिनवर हात ठेवून. मी त्यांचा हात बाजूला केला आणि माझा ठेवला. गरम होतं. तुम्ही म्हणाल पत्र्याची शेड, दुपारची वेळ. मीही तेच म्हणाले. म्हणून लगेच शेजारचा फूटबोर्ड चाचपला, चेन केस चाचपली, स्टँडला हात लावला. सगळं सावलीतल्या लोखंडासारखं थंड. फक्त इंजिन, तेही असं की हात जास्त वेळ ठेवता येईना. फडकं मी बांधलं होतं तसंच, माझीच गाठ. वास मात्र आला, जळलेल्या ऑइलचा. मामा शांतपणे घरात निघून गेले आणि मी तिथेच उकिडवी बसले.

ग्रुपवर कोल्हापूरचे एक काका आहेत, स्वभावाने खडूस, कोणाचं कौतुक करायचं नाही ही त्यांची शपथ. नोट ऐकून त्यांचा फोन आला. पहिलंच वाक्य, "इंजिन चालू केलंस आणि आम्हाला सांगतेस पिस्टन हातात आहे? चेष्टा लावलीय का?"  म्हटलं काका, मागचा आवाज तुम्हाला ओळखता येतो का? ते म्हणाले, ओळखता येतो म्हणजे काय, त्यांच्या वडिलांकडे होती ती गाडी. फँटाब्युलस. एकशेपंचाहत्तर सीसी, विलायती बनावटीचं इंजिन, पायाचा गियर, त्या काळात सेल्फ स्टार्ट. म्हणजे इंजिन स्कूटरचंच होतं, तिचं स्वतःचं! पुढचा पत्रा तेवढा दुसऱ्या गाडीचा. आणि मग ते म्हणाले, पण ही रस्त्यावर चाललेली नाही, आवाज लोडवरचा आहे, हिच्या मागच्या चाकाला बेल्ट लावून कोणीतरी काहीतरी ओढतंय.

फोन ठेवून मी मामीला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, हो, लायटीचा भरवसा नव्हता तेव्हा मामा गाडी स्टँडवर चढवायचे, मागचं चाक काढून पुली लावायचे आणि त्यावर पंप चालवून वेलीला पाणी द्यायचे. विहीर सामाईक होती, सगळ्यांच्या पाळ्या ठरलेल्या, आणि यांची पाळी दुपारी जेवणानंतरची. तो पंप केव्हाच भंगारात गेलाय.

पुढचं सरळ आहे. काकांनीच रिंगा मिळवून दिल्या, वर मला शिव्याही दिल्या. सिलिंडर पालघरला लेथवर साफ करून घेतला. सगळं बसवलं, सेल्फ मेलेला होता म्हणून किक मारत बसले, घामाने नुसती भिजले, आणि एका दुपारी ती चालू झाली. धूर इतका की कोंबड्या पळाल्या. मामा आले. मला वाटलं होतं हसतील, बसून बघतील, मी फोन धरून तयार होते व्हिडिओ काढायला. त्यांनी तसं काही केलं नाही. डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत राहिले. मग मामी मागून आली, तिच्याकडे वळून म्हणाले, "अगो, पानी चढलं का?"

मामीने मागे विहिरीकडे बघितलं. मग म्हणाली, "चढलं. करा बंद."

त्यांनी वाकून, न चाचपडता, पेट्रोलचा कॉक बंद केला. घरात गेले आणि झोपले. त्या दिवसापासून दुपारी मी नसले तरी झोपतात. कधी उठलेच तर मामी "पानी चढलं हो" म्हणते आणि ते कूस बदलतात. मामीचं रात्रीचं जागणं आहे अजून, मामांचं विसरणं तर वाढतच चाललंय. पण आश्रमाचा विषय आईने तूर्त सोडलाय.

ती व्हॉइस नोट माझ्याकडे आहे. आता गाडी खरंच चालते, तर दोन्ही आवाज लावून बघितले. इंजिन तेच. फक्त आता चालते ती मोकळी, हलकी, आणि नोटमधली भार ओढतेय. कुठला भार, कुठला पंप... मी कंपनीतल्या माझ्या सिनियरला विचारलं, तो म्हणाला शेजारून कुठून तरी आला असेल आवाज. असेल. मग गरम काय झालं होतं? मला नाही माहीत. 

परवा मामीच्या शेजारी बसून भांडी पुसत होते. सहज म्हणून विचारलं, मामी, त्या दिवशी तूही आवाज ऐकलास ना? तिने वर बघितलं नाही.

"मी रोज ऐकायची, बाय. हे उठायचे ना, त्याच्या आधी."

मग इतके दिवस बोलली का नाहीस, मी म्हटलं. ती ताट विसळत राहिली. माझ्या हातात देताना म्हणाली, "माझंबी डोकं गेलं असं वाटलं. आनी तसं कुनाला कळलं असतं तर मग यांना घरात कोन ठेवू देनार होतं?"