निळी टिकली कुठे ठेवायची

"विमान वरून बघतं, जहाज कान लावून ऐकतं, पाणबुडी खाली गप्प बसते, आणि ती कुठे आहे ते सगळे मलाच विचारतात," असं टिकलीमामा एकदा म्हणाले होते.

नौदलाच्या नियंत्रण कक्षात ते काचेच्या टेबलावर टिकल्या सरकवायचे. विमानाची पांढरी, जहाजाची लाल, पाणबुडीची निळी. तिन्ही एका टेबलावर दिसल्या म्हणजे कोणी कोणाच्या आड येत नाही, अडल्यावेळी एक दुसऱ्याला सावरतं, असं साहेब पाहुण्यांना समजावायचे. मामा मान हलवायचे. पांढरी दिसते, लाल बोलते. निळी म्हणजे निव्वळ आपला अंदाज, हे मात्र त्यांच्या मनातून जायचं नाही.

त्या दुपारी पाणबुडीकडून ठरलेला संदेश आलाच नाही. तिच्यात मामांच्या बहिणीचा मुलगा होता. विमानाने कळवलं, उत्तरेला पाण्यावर तेलाचा तवंग आहे. जहाजाने कळवलं, दक्षिणेला खालून ठोकल्यासारखा आवाज येतोय. तिची ठरलेली वाट तर पूर्वेची. मामांनी तीन निळ्या टिकल्या मांडल्या.

"मामा, पाणबुडी एक आहे. पिल्लं घातली का तिने?" साहेब खेकसले.

"यातली खोटी कुठली तेच कळेना, साहेब."

"जवळ जहाज एकच आहे. बोला, कुठे धाडू?"

तेवढ्यात फोन वाजला. बहीण.

"दादा, कुठे आहे रे?"

"टेबलापाशी."

"तुझं नाही, माझ्या लेकाचं विचारतेय."

"पाण्यात आहे."

"ते मलाही ठाऊक आहे, शहाण्या!" ती हसली. तिला काहीच कळलेलं नव्हतं.

मामांनी फोन ठेवला. भाचा लहानपणी दोन्ही मुठींनी दार ठोकायचा. आता कानात वाजतंय ते जहाजाने ऐकलेलं की ते जुनं दार? त्यांनी दक्षिणेची टिकली ठेवली, बाकीच्या उचलल्या. जहाज तिकडे वळलं, मागोमाग विमानही.

संध्याकाळी पाणबुडी वर आली ती पश्चिमेला. तिची संदेशयंत्रणा बिघडली होती, एवढंच. सगळे सुखरूप. कक्षात टाळ्या पडल्या.

"सुटलो, मामा! हलवा आता ती निळी."

मामा टेबलाकडे बघत राहिले. लाल आणि पांढरी दोन्ही पार दुसऱ्या टोकाला होत्या, त्यांनीच धाडलेल्या.

"मग ठोकत कोण होतं?"

"समुद्र, दुसरं कोण? त्याला काय कामधंदा आहे!"

फोन पुन्हा वाजू लागला. मामांनी निळी टिकली उचलली, साहेबांच्या तळहातावर ठेवली आणि बाहेर पडले.