मान्यवरांच्या खुर्च्यांवर तक्रारदार

नगरपालिकेच्या जिन्याखालच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळं गाव खिडकीवाल्या ताई म्हणायचं. तक्रार घ्यायची, शिक्का मारून पोच द्यायची आणि समोरच्याचा पारा उतरेपर्यंत ऐकून घ्यायचं, हे त्यांचं काम. अकरा वर्षं झाली तरी बाई अजून हंगामीच. दरवर्षी नवा करार, दरवर्षी तीच धाकधूक. त्यांना कायम करायची फाईल साहेबांच्या टेबलावर अशी ठाण मांडून बसली होती, की साहेब तिच्यावर चहाचा कप ठेवायला लागले होते. घरी सासूबाई रोज विचारायच्या, "सही झाली का गं?" ताई म्हणायच्या, "उद्या." आणि भाजी चिरायला बसायच्या.

त्यात परदेशी मदतीचा प्रकल्प आला. नाव एवढं लांबलचक की फलकावर तीन ओळी लागल्या. अर्थ इतकाच, की गावाचा कारभार लोकांना विचारून चालवायचा. मदत देणाऱ्या संस्थेच्या प्रमुख बाई उद्घाटनाला स्वतः येणार होत्या. झालं, कार्यालयाच्या अंगात आलं. भिंती रंगल्या, पंखे पुसले गेले, वर्षानुवर्षं गळणारा नळ एका दुपारीत गप्प झाला. साहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं, "मान्यवरांना दीडशे निमंत्रणं. चूक नको. कार्यक्रम नीट पार पडला की तुमच्या फाईलवर सही करतो."

आता ताईंची एक पद्धत होती. तक्रार आली की त्या माणसाच्या पत्त्याची चिठ्ठी तेव्हाच लिहून ठेवायच्या, म्हणजे वरून उत्तर आलं की चिकटवायचं आणि धाडायचं. उत्तरं काही यायची नाहीत, चिठ्ठ्या मात्र साठत गेल्या. त्यांचा गठ्ठा डाव्या खणात, मान्यवरांचा उजव्या. त्या दिवशी खिडकीशी एक आजोबा तुंबलेल्या गटाराची कर्मकथा सांगत होते. ताई मान डोलावत होत्या आणि हात आपले काम करत होते. ज्या हाताला अकरा वर्षं डाव्या खणाची सवय, तो गडबडीत कुठे जाणार? दीडशे पाकिटं चिकटवून ताई मोकळ्या झाल्या.

उद्घाटनाच्या सकाळी सभागृहाच्या दारात सर्वांत आधी कोण उभं? गटारवाले आजोबा, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात सोनेरी कडेचं निमंत्रण. मागोमाग अंधाऱ्या गल्लीतले निवृत्त मास्तर. मग पाण्याच्या टाकीजवळच्या सातआठ बायका, ठेवणीतले कपडे घालून. ताईंनी धावत जाऊन उजवा खण उघडला. मान्यवरांचा गठ्ठा जसाच्या तसा, दोऱ्यासकट.

"हे काय करून ठेवलंत?" साहेब दातओठ खात म्हणाले.

"माझ्या हातून चूक झाली, साहेब."

"फाईल विसरा आता."

पुढे बोलायला सवडच नव्हती. पाहुण्यांची गाडी दारात आली होती.

पाहुण्या बाईंनी भाषण आटोपतं घेतलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, "तुमच्या गावात काय बदलायला हवं?" मान्यवर असते तर त्यांनी आभार मानले असते. इथे एकदम वीस हात वर झाले. दीड तास नुसता धबधबा. साहेब पंख्याकडे बघत बसले. प्रत्येकाची सुरुवात एकच, "ते ताईंना माहीत आहे." कुणी तारीख विसरला की ताई मागून सांगायच्या, "मागच्या मार्चमधला अर्ज तुमचा, आजोबा. दुसरा तीन महिन्यांनी दिलात, त्याला जूनचा शिक्का आहे."

पाहुण्या बाई हरखून गेल्या. साहेबांना म्हणाल्या, "लोकांशी संपर्क ठेवायला तुमचा एक कायम कर्मचारी हवा, ही आमची अट आहे. त्या याच ना?"

"हो, याच," साहेब घाईघाईने म्हणाले.

आता ताई गप्प राहिल्या असत्या तर सगळं निभावलं असतं. पण त्या उठल्या. म्हणाल्या, "मी कायम नाही. अकरा वर्षं हंगामी आहे. आणि ही मंडळी आज आली ती माझ्या चुकीने. निमंत्रणं दुसऱ्यांची होती, पत्ते चुकले."

मग मास्तर काठी टेकत उभे राहिले. "पत्ते चुकले नाहीत," ते म्हणाले. "आम्ही तिथेच राहतो."

आधी बायका हसल्या, मग सगळेच. पाहुण्या बाईंना दुभाष्याने सांगितलं तेव्हा त्याही. साहेब तेवढे हसले नाहीत. ते शिपायाकडे वळून म्हणाले, "माझ्या टेबलावरची ती फाईल आण."

सही व्यासपीठावरच झाली. ताईंना रडू आवरेना. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं रडू ते, दीडशे माणसांसमोर खुशाल रडल्या.

"झालं ना आता मनासारखं?" साहेब कागद पुढे करत पुटपुटले.

"झालं," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "आता या सगळ्यांना उत्तरं द्यायची आहेत. उद्या सकाळी दहाला मी अर्ज घेऊन वर येते. तुम्ही बसा."

अकरा वर्षांत साहेबांना काही सांगायची ही त्यांची पहिलीच वेळ.

साहेब म्हणाले, "बसतो."