टोपणावरचं नाव

ग्रुपवरच्या फोटोग्राफर मंडळी, आज दुपारी आपण रहिमतपूरच्या स्टुडिओत चहाला जमलो. तिथून आल्यापासून मला माझीच किळस येतेय.

आष्ट्याच्या सुनीताला झूम लेन्स घ्यायचीय. कॅमेऱ्याच्या कंपनीची घ्यावी की दुसऱ्या कुणाची, एवढाच तिचा प्रश्न. दोन्हींनी काढलेले फोटो तिनं समोर मांडले. ते कुणी बघितलेसुद्धा नाहीत.

"दुसरी घेतलीस तर लग्नवाले दारात उभं करनार न्हाईत तुला," म्हणून सगळे फिदीफिदी हसले.

मग एकानं भिंतीवरचा, मी काढलेला फोटो दाखवला. पंच्याहत्तर-शहात्तर सालातली कुस्ती, पैलवान चितपट होतोय, मातीचा कण न् कण दिसतोय. "ह्याला म्हणत्यात कंपनीची लेन्स! व्हय का न्हाई, आण्णा?"

मी मान डोलावली.

साफ खोटं. ती झूम दुसऱ्याच कंपनीची होती, फौजेतल्या मेव्हण्यानं आणून दिलेली. तेव्हाही लग्नवाले फोटोच्या आधी नाव वाचायचे. म्हणून कंपनीच्या फुटक्या लेन्सचं, कंपनीचं नाव छापलेलं टोपण तिच्यावर बसवून मी गावोगाव हिंडायचो. तेव्हा पोटासाठी केलं. आज कशासाठी?

सुनीतानं आपले फोटो गोळा केले. "आण्णा म्हणत्यात तर कंपनीचीच घेते."

सुनीता, अजून घेऊ नकोस. टोपण काढून त्या लेन्सचा फोटो खाली टाकलाय.

मंडळी, आता नाव नीट वाचा. आणि भिंतीवरची ती कुस्ती आजपासून वाईट दिसायला लागली का, तेवढं मला सांगा.