वसीयतनाम्यात सापडलेलं आजोळ

आत्याचा अंगठा मी खोटं बोलून घेतला. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. आता सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्याचा आनंदही मोकळेपणानं सांगता येईल.

वडील गेल्यावर आम्हा भावांची वाटणी निघाली. पिंगळीजवळच्या आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या जोडीला त्यांच्या सावत्र बहिणीचं, म्हणजे आत्याचं नाव होतं. बहिणीनं हक्क सोडायचा असतो, असं आमच्याकडं धरूनच चालतात. मानवतकडच्या तिच्या गावाहून मी तिला परभणीला आणलं. शाई लावलेला अंगठा तिनं हक्कसोडपत्राच्या वर तसाच धरला.

"देते बाबा. पर माज्या मायचं माहेर तेवढं हुडकून दे. मरायच्या आधी एकदा आजोळी जाऊन जेवीन म्हन्ते."

"हुडकतो की," मी म्हणालो. हुडकायचा माझा जराही विचार नव्हता.

आत्याची आई ही आजोबांची पहिली बायको. आत्या पाळण्यात असतानाच ती गेली. नंतर आली ती माझी आजी. आजीनं मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक जन्मभर गळ्यात घातला, सणासुदीला आधी त्याला नैवेद्य दाखवला आणि मग स्वतः जेवली. पण त्या बाईचं माहेर कुठलं, असं विचारलं की घरातली म्हातारी माणसं "गंगेकडली व्हती" एवढंच म्हणायची. गंगा म्हणजे आमची गोदावरी. आता तिच्या काठाला गावं काय थोडी आहेत?

वाटणीसाठी आजोबांचे निजामाच्या काळातले कागद लागले. ते उर्दूत. मी मास्तर असलो तरी उर्दू येत नव्हतं, म्हणून आमच्याच शाळेतल्या उर्दूच्या शिक्षकांना सोबत घेतलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा बंद होता, एसट्या उभ्या होत्या, त्यामुळं परभणीला रेल्वेनं निघालो. डब्यात बोलायला काहीतरी विषय म्हणून आत्याची मागणी मी हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत.

"मास्तर, बुढीला जबान दिली ना तुमी? मग हुडकू की! जुन्या वसीयतनाम्यात, म्हंजे मृत्युपत्रात, लेकी-जावयांचा जिक्र असतो."

आजोबांचे कागद तासाभरात मिळाले. तरी आम्ही उठलो नाही. कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये वसीयतनाम्यांचे फडक्यात बांधलेले बस्ते होते. एक सोडला की नाकातोंडात धूळ जायची. शिक्षक मोठ्यानं वाचायचे, मी ऐकायचो. एकानं बैल थोरल्याला आणि गाडी धाकट्याला दिली होती. "आता बसा म्हणावं बोंबलत!" शिक्षक म्हणाले. एकानं लिहून ठेवलं होतं की माझ्या तेराव्याला मेहुण्याला बोलवू नये. मेलेली माणसं अशी आमच्याशी गप्पा मारायला लागली आणि मला त्याचं वेडच लागलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही परभणी गाठायचो. शेत, वाटणी, भाऊ, सगळं डोक्यातून गेलं होतं.

पण आत्याच्या आईचं नाव काही निघेना. बस्त्यामागून बस्ते झाले. एका शनिवारी शिक्षकांनी चष्मा काढला.

"मास्तर, तुमच्यात लग्नात पोरीचं नाव बदलतेत ना?"

"बदलतात की. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात."

"मग बाप मरताना लेकीला सासरच्या नावानं कशाला हाक मारंल? लय शहाणे तुमी! दुसऱ्याच बाईला हुडकायलाव इतके दिवस!"

मी स्वतः माझ्या बायकोचं नाव तसंच तांदळात लिहिलं होतं. आणि हे मला सुचलं नाही! आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता फक्त आमच्या गावाचं आणि आजोबांचं नाव बघायचं.

"ठैरो, ठैरो," शिक्षक एकदम म्हणाले. वसीयतनामा गंगाखेडच्या पुढच्या एका गावच्या शेतकऱ्याचा होता. त्यात लेकीचं माहेरचं नाव होतं, आणि जावई म्हणून आमचे आजोबा, नाव-गावासकट. शिक्षक सावकाश मराठीत सांगत गेले, "माझी लेक आता हयात नाही. तिची एक मुलगी मागं आहे. माझ्या मुलांनी दर दिवाळीला तिला आणावी, चोळी-बांगडी करावी, आणि घरात तिला कुणी पाहुणी समजू नये."

मी केवढ्यानं तरी ओरडलो. कारकून धावत आला. "मास्तर, ही कचेरी हाय, शाळा न्हाई!"

"शाळेत एवढं वरडत न्हाईत हो ते," शिक्षक म्हणाले.

मी घरी गेलोच नाही, तडक आत्याचं गाव गाठलं. तिच्या आईचं माहेरचं नाव तिला सांगितलं. तिनं ते पुटपुटून पाहिलं, मग मोठ्यानं म्हटलं, मग सुनेला चुलीपासून उठवून ऐकवलं. नंतर मला विचारलं, "मग कुनी न्यायला का आलं न्हाई मला?"

त्याचं उत्तर तिला घेऊन तिच्या आजोळी गेलो तेव्हा मिळालं. आत्याचे मामेभाऊ होते, काठी टेकत दारात आले. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी आधी तिला नीट पाहून घेतलं, मग घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. शेजारच्या बायका जमल्या. तिची ओटी भरली.

"माजा बाप गेलता की तुला आनायला," ते म्हणाले. "दोन-तीन दिवाळ्या गाडी जुंपून गेला. तुमच्या लोकांनी येशीवरून माघारी लावला. आज पोरगी न्याल, उद्या तिचा हिस्सा मागाल म्हन्ले." मग माझ्याकडं वळले. "पावनं, आता तरी दिला का आमच्या आक्काला तिच्या बापाच्या शेतातला वाटा?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला.

आत्या म्हणाली, "काय रं दादा, आल्या आल्या वकिली करायलास! माज्या भाच्यानं आनलंय मला हितं. वाढा आधी, भूक लागलीया."

पंगत बसली. आत्या प्रत्येकाला नातं विचारत होती, चुकत होती, हसत होती. म्हाताऱ्या बाईला इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मीही खूश होतो. भाऊ ऐकले नसते, पण माझ्या हिश्शातलं तिचं तिला परत करणं माझ्या हातात होतं. ते तिथं त्या पंगतीत बोलता आलं असतं, आणि जीभही एकदा उचलली होती. तेवढ्यात कुणीतरी आग्रह केला. मी आणखी एक पोळी घेतली, वर तूप मागून घेतलं, आणि ती अगदी चवीनं खाल्ली.