विषय : घरी परत येणेबाबत

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली वर्ध्याजवळच्या सेलूच्या तहसीलीसमोर, कडुनिंबाखाली, माझा टाइपरायटर असायचा. कोणी म्हणायचं, "भाऊ, नळाले पाणी नाई," आणि माझी बोटं आपोआप बडवायची, 'सविनय अर्ज सादर करतो की'. दिवसभर असं केल्यावर घरी माणसासारखं बोलायचं कसं?

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायकोनं नवी साडी नेसून विचारलं, "कशी दिसते?" मी म्हणालो, "ठीक आहे." ती तडक माहेरी, जामला निघाली. जाताना म्हणाली, "मनातलं बोलता आलं तर न्यायले याजा. नाई तर मी बरी आहो तिथं."

पत्र लिहायला बसलो. हातानं काही सुचेना. मशीनसमोर बसलो आणि गाडी सुसाट सुटली. 'विषय : घरी परत येणेबाबत. संदर्भ : आपले तोंडी निवेदन. महोदया, आपल्या अनुपस्थितीमुळे अर्जदाराची जेवणाची गैरसोय होत आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' कार्बन लावायची सवय! दुसरी प्रत सासऱ्यांना, 'माहितीस्तव'.

सासऱ्यांचं जामच्या चौरस्त्यावर चहाचं हॉटेल. त्यांनी ती प्रत ट्रकवाल्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, हे मला नंतर कळलं. आठव्या दिवशी माझंच पत्र परत आलं. समासात लाल शाईनं बायकोचा शेरा होता : 'खानावळ लावावी. अर्ज फेटाळला.' खाली सही, तारीख.

ही बाई खरंच येणार नाही, अशी भीती पहिल्यांदा वाटली. मशीनवर खोळ टाकली, हातानं चार ओळी खरडल्या आणि स्वतःच जाम गाठलं.

सासऱ्यांनी कागद घेतला. ट्रकवाले सरसावून बसले. सासऱ्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"जवाईबापू, माह्याच्यानं नाई वाचल्या जात हे. तुमीच वाचा."

मेलो! पण वाचलं. "तू नसली की घर खायले उठते. साडीत तू इतकी चांगली दिसत होती की मले काई सुचलंच नाई."

आतून बायकोचा आवाज आला, "ऐकू नाई आलं. पुन्हा वाचा!"

दुसऱ्यांदा वाचताना कागद लागला नाही.

संध्याकाळी वर्ध्याच्या एसटीत ती खिडकीशी बसली. तीच साडी नेसली होती. मी म्हणालो, "चांगली दिसते." हॉटेलात चढलेला आवाज अजून उतरला नव्हता. पुढच्या तीन बाकांवरच्या लोकांनी वळून पाहिलं.