आमचा भाता आणि माझं रोजचं मरण

पडदा वर जातो, पण समोर रंगमंच नाही. रंगमंचाच्या खालची खोली आहे. खिडकी नाही, एकच पिवळा दिवा. लांब टेबलावर जळके डाग पडलेलं घोंगडं, त्यावर कोळशाची जड इस्त्री. भोवती दोरीवर कोट, झगे, सैनिकांचे डगले. आणि इस्त्रीचं झाकण उघडून निखाऱ्यांवर फुंकर घालणारा एक हडकुळा माणूस. आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट यानं एकतीस वर्षं सांभाळला.

त्याचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजायचा, म्हणून त्याचं नाव ‘भाता’. ते मी ठेवलं. सगळ्यांना आवडलं. त्याला आवडलं का, हे मी कधी विचारलं नाही.

माणूस असा, की प्रयोगानंतर माझी कॉलर चाचपून सांगायचा, “दादा, दुसऱ्या अंकात घाबरलात आज. घाम इथं मागे आलाय.” कधी चुकला नाही. विंगेत उभा असताना खोकला आला तर मखमली झग्यात तोंड खुपसायचा. प्रेक्षकांना कधी ठसका ऐकू गेला नाही. झगा मात्र दर आठवड्याला धुवावा लागायचा, तोही त्यालाच.

धुरानं फुप्फुसं कायमची खराब झाली आहेत, असं डॉक्टरांनी त्याला केव्हाच सांगितलं होतं. खिशात श्वासाच्या औषधाचा पंप असायचा. आम्ही त्या आजाराला ‘दमा’ म्हणून मोकळे झालो होतो. जिना चढताना थांबला, दमा. घोटे सुजले, दमा. रात्री उशा रचून बसून झोपतो, दमा. त्या बिचाऱ्या फुप्फुसांवर आम्ही कशाकशाचं खापर फोडलं!

आता माझ्याबद्दल एवढंच, की तिसऱ्या अंकात मला हृदयविकाराचा झटका यायचा आणि गावोगाव लोक तो बघायला यायचे. डावा हात छातीवर, उजवा हवेत, तीन पावलं मागे, आधी खुर्ची आडवी, मग मी. भात्यानं हे मरण विंगेतून दोनशेच्या वर वेळा पाहिलं होतं.

त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. आठवडाभर तो तापानं, खोकल्यानं पडून होता. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, निरोप धाडला की आज येत नाहीत. मी उलट निरोप धाडला, “माझ्या कोटाची घडी दुसऱ्या कुणाच्या बापाला जमत नाही.” तो आला. खूशही झाला होता, तेच आज जास्त टोचतं.

तिसऱ्या अंकाआधी तो कोट घेऊन वर आला आणि पायरीवरच बसला. कपाळावर घाम डबडबलेला.

“काय रे भात्या, हवा संपली?”

“जबडा धरलाय दादा. इथं, कानाखाली. आणि मळमळतंय.”

“छातीत दुखतंय का?”

“दुखत नाही. नेहमीसारखी जड आहे, जरा जास्त.”

“मग पंप मार दोनदा अन् बस. अक्कलदाढ येत असेल, उशिरा का होईना!”

सगळे हसले. माझा मान राखायला तोही हसला.

मी आत गेलो आणि मेलो. काय रंगलं त्या दिवशी मरण! टाळ्या थांबेनात, मी चार वेळा पडदा उघडायला लावला. विंगेत आलो तर भाता टॉवेल घेऊन उभा, चेहरा राखेसारखा. मी त्याला विचारलं, “कसं झालं?”

माझ्या मरणाबद्दल विचारलं.

“फक्कड,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी त्याला रुग्णालयात नेलं. मी पोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई चिडून बोलत होत्या. “झटका येऊन अठरा तास झालेत. इतका उशीर?”

“त्यांना वाटलं दमा आहे,” वहिनी म्हणाल्या.

“दर वेळी छाती धरून कोसळणं फक्त नाटकात असतं हो,” बाई म्हणाल्या. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. “कुणाचा जबडा दुखतो, कुणाला नुसता घाम आणि धाप. फुप्फुसाचा जुना आजार असला, की धाप लागल्यावर जो तो पंप शोधतो, हृदय कुणाच्या ध्यानातच येत नाही. फुप्फुसांतली ती वर्षानुवर्षांची सूज रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. त्यात खोकला बळावला, की त्या दिवसांत हृदयाला धोका आणखी वाढतो. अशात यांना कामावर बोलावलं कुणी?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“कंपनीनं,” मी म्हणालो. उभ्या जन्मात इतकं वाईट वाक्य मी बोललो नाही.

भाता नऊ दिवस जगला. मी रोज जायचो, खाटेशेजारी बसायचो, इकडचं तिकडचं बोलून परतायचो. एकदा तोच म्हणाला, “मला तरी कुठं कळलं दादा? इतकी वर्षं तुमचा झटका बघितला, माझं त्यातलं काहीच जुळेना. म्हटलं झटका मोठ्या माणसांना येतो, आपली ऐपत दम्यापुरतीच.”

आठव्या दिवशी मात्र मी बोललो. “मीच तुला बोलावलं. मीच पंप मार म्हणालो. आणि डॉक्टरीणबाईंसमोर कंपनीचं नाव पुढं केलं. माझ्यावर राग आहे का रे?”

दुसऱ्या दिवशी मी पोचण्याआधीच खाट मोकळी झाली होती. म्हणून हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. नाकातली नळी सारखी करून, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला,

“आहे की राग. पण तो सांगायला श्वास लागतो. उद्या या, थोडा जमवून ठेवतो.”